शाळेतलं लैंगिक शिक्षण : जीआर पुरे, की कायदा हवा?

सातबारा (धागाकर्ता)

मंडळी, कुठेतरी काही भयंकर घडलं की हा विषय वर येतो आणि महिन्याभरात परत खाली जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेच्याच आवारात अत्याचार झाले. लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, समिती नेमली. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी यांवर भरपूर कागद हलला. पण मुलांना नेमकं काय शिकवायचं, कितवीत आणि कोणी, हे सांगणारा एक सलग कायदा आपल्याकडे अजून नाही. मला चर्चा त्यावर हवी आहे. "शिकवावं की नको" यावर इथे लांबलचक धागे पडून आहेत, ती मारामारी कृपया तिकडेच.

माझं म्हणणं एका वाक्यात: जे परिपत्रकाने येतं ते परिपत्रकाने जातं.

२००५ मध्ये केंद्राने नॅकोला (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेला) बरोबर घेऊन किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये आपल्या विधिमंडळात त्यातल्या चित्रांवरून दोन्ही बाकांवरून आरडाओरडा झाला आणि कार्यक्रम गुंडाळला. तेव्हा इथे काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्याच सुमारास मध्य प्रदेश आणि गुजरातनेही नकार दिला, तिथे भाजप होता. म्हणजे ज्यांना यात पक्ष शोधायचेत त्यांनी शोधावेत, फार काही हाती लागणार नाही. २००९ मध्ये व्यंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत हे नको असा अहवाल दिला. या सगळ्यात एकही कायदा रद्द करावा लागला नाही. रद्द करायला तो होताच कुठे?

मग २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, आला. त्याखालच्या २०२० च्या नियमांतला नियम ३ वाचा. वयानुरूप शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करणं ही केंद्र आणि राज्य सरकारांची जबाबदारी आहे, असं तिथे लिहिलंय. त्यात स्वतःची सुरक्षितता, तक्रार कुठे करायची, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आणि स्त्री-पुरुष समानता एवढं आहे. पाळी, शरीरातले बदल, गर्भनिरोधन, गुप्तरोग यातलं काही नाही. ते २०२० च्याच शालेय आरोग्य कार्यक्रमात आहे: अकरा विषय, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक 'दूत', आठवड्याला एक तास. पण तो कार्यक्रम आहे, कायदा नाही. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात माध्यमिक शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं असं सरळ वाक्य होतं, ते २०२० च्या अंतिम धोरणातून गळालं.

शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे आपलं विधिमंडळ कायदा करू शकतं. त्यात काय असावं? माझ्या मते, मजकूर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असावा आणि ते कोण ठरवणार हे लिहिलेलं असावं. वयात येण्याआधी, म्हणजे पाचवी संपेपर्यंत, पहिला टप्पा झालेला असावा आणि आठवी संपेपर्यंत दुसरा. पालकांना सगळं साहित्य आधी बघता यावं. शिकवणाऱ्याला संरक्षण असावं. बोला.

पोहेवाला

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बीड जिल्ह्यात. सातबारा सर, तुम्ही म्हणता तसा कागद बक्कळ आहे, त्यामुळे कायदा आला तर आम्हाला आणखी एक कागद, एवढंच आधी मनात येतं. २०२२ च्या जीआरने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती झाली. बदलापूर झाल्यावर सगळ्यांनी कपाटातून तिचं रजिस्टर शोधायला घेतलं.

वर्गात काय होतं ते सांगतो. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' धडा आहे. मानवी प्रजननसंस्था, मासिक पाळीचं चक्र, टेस्ट ट्यूब बेबी, सगळं आहे. बालभारतीने छापलंय, चोरून आणलेलं नाही. तरी शिक्षक अमीबाचं विभाजन दोन तास शिकवतो आणि माणसापाशी आला की "हे घरी वाचा". मुलं घरी वाचतात कुठे, ती आधीच मोबाईलवर बघून आलेली असतात. एखाद्या शाळेत बाई असल्या तर त्या मुलींना एका खोलीत घेऊन बोलतात, आणि मुलांना तेवढा वेळ मैदानावर सोडतात. मुलांना त्या दिवशी कळतं काय, तर खोलीत काहीतरी आहे जे आपल्याला सांगायचं नाही.

शिक्षकाला भीती दोन. एक गावाची. दुसरी पॉक्सोची, आणि ती कोणी बोलत नाही. समजा मी वर्ग नीट घेतला. मग दहावीतली मुलगी विश्वासाने येऊन सांगते, सर, माझं असं असं आहे. ती सोळाची, तो सतराचा. कलम १९ प्रमाणे मला पोलिसांत कळवणं भाग आहे. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर दोन घरं उठली, आणि त्यानंतर माझ्याकडे एकही लेकरू काही सांगायला येणार नाही. तुमच्या कायद्यात याला काय उत्तर आहे?

अण्णा_मिरजकर

खडूफळा गुरुजींचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, म्हणून लिहितो. एरवी पास म्हणणार होतो.

माझा मुद्दा सोपा आहे. माझ्या नातीला काय, कधी सांगायचं हे तिची आई ठरवेल. सरकारने गणित शिकवावं. ते तरी नीट जमू दे. मी २००७ साली त्या पुस्तिकेतली चित्रं पाहिली होती, शिक्षक होतो तेव्हा. नववीच्या वर्गात उभं राहून ती दाखवायची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही. यात मागासलेपणा वाटत असेल तर वाटो. तुम्हाला कायदाच करायचा असेल तर पहिलं कलम असं करा की पालकाची लेखी संमती असल्याशिवाय मुलाला त्या तासाला बसवायचं नाही.

बे_एरियाकर

अण्णा, नेमका हाच मुद्दा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उलटा आहे, म्हणून लिहिते. इथे १ जानेवारी २०१६ पासून कायदा लागू आहे. सातवी ते बारावीच्या काळात सरकारी शाळेने मिडल स्कूलमध्ये किमान एकदा आणि हायस्कूलमध्ये किमान एकदा हे शिकवायचंच. पालकांना आधी कळवायचं, साहित्य बघायला खुलं ठेवायचं. पालक लेखी नकार देऊन मुलाला काढून घेऊ शकतो. पण शाळेने आधी संमतीपत्र मागायचं नाही, याला कायद्याने मनाई आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खटकलं. मग शाळेत पालक-स्वयंसेवक म्हणून फॉर्म गोळा करायची वेळ आली तेव्हा कळलं. सहलीचा असो की लसीचा, फॉर्म परत आणणारी मुलं तीच, ज्यांच्या घरी सगळं बोललं जातं. ज्यांच्या घरी कोणी फॉर्म उघडत नाही त्या मुलांना गरज जास्त, आणि संमतीपत्राच्या नियमात नेमकी तीच बाहेर बसतात.

सातबारांनी विचारलंय "बरोबर काय ते कोण ठरवणार". इथल्या कायद्यात त्याची व्याख्याच दिली आहे: शास्त्रीय पद्धतीने झालेल्या, तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आधार हवा आणि त्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांची मान्यता हवी. शाळेच्या मंडळाला आवडलं म्हणून चालत नाही. सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. २०१९ मध्ये राज्याच्या आराखड्यावरून इथेही पालक फलक घेऊन रस्त्यावर होते, त्यात आपले देशी पालकही होते.

सातबारा

अण्णा, लेखी संमतीचा आग्रह मला मान्य नाही, कारण बे_एरियाकर यांनी लिहिलं तेच. पण "सरकारला अधिकार कोणी दिला" या प्रश्नाला टिंगल करून उत्तर देणं बरोबर नाही. त्यावर एक जुना निकाल आहे. डेन्मार्कने १९७० मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत हे शिक्षण सक्तीचं केलं. काही ख्रिस्ती आईवडील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. डिसेंबर १९७६ मध्ये ते हरले. न्यायालय म्हणालं की माहिती वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक मतांना जागा ठेवून दिली तर सक्ती चालेल. पालकांच्या श्रद्धा बाजूला सारून मुलांच्या मनावर एखादा विचार बिंबवायचा मात्र सरकारला हक्क नाही. मला ही रेघ योग्य वाटते. मासिक पाळी कशी येते हे सांगणं रेघेच्या अलीकडे, "अमुक पद्धतीनेच जगा" हे पलीकडे.

अण्णा_मिरजकर

निकाल शोधून वाचला. तुम्ही अर्धा सांगितलात. त्याच न्यायालयाने हेही नोंदवलंय की डेन्मार्कमध्ये खासगी शाळांना सरकार भरघोस पैसा देतं आणि मुलाला घरी शिकवायचीही मोकळीक आहे, म्हणजे न पटणाऱ्या पालकाला दुसरा रस्ता होता. खडूफळांच्या गावात शाळा किती? एक. तिथल्या पालकाने कुठे जायचं?

खडूफळा

एकच. चौथीपर्यंत. पुढे तीन किलोमीटर.

टेम्सकाठी

अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर तोडगे निघालेत. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने आणि सप्टेंबर २०२० पासून प्रत्यक्षात, विषयाचे दोन भाग केलेत. 'नातेसंबंध' हा भाग प्राथमिकपासून सक्तीचा: कुटुंब, मैत्री, कोणी नकोसा स्पर्श केला तर कोणाला सांगायचं. यातून मूल काढता येत नाही. 'लैंगिक शिक्षण' माध्यमिकमध्ये, आणि त्यातून पालक मुलाला काढून घेण्याची विनंती करू शकतो. पण मूल सोळाचं व्हायला तीन सत्रं उरली की निर्णय मुलाचा. आईवडील नको म्हणाले तरी मुलाला शिकायचं असेल तर शाळेने तशी सोय करायची. शेजारच्या वेल्समध्ये २०२२ पासून काढून घेण्याची सोयच ठेवलेली नाही. पालक कोर्टात गेले आणि हरले.

बर्मिंगहॅममध्ये २०१९ साली प्राथमिक शाळेच्या फाटकावर महिनोन्महिने निदर्शनं झाली, शेवटी उच्च न्यायालयाला शाळेभोवती मनाई आदेश द्यावा लागला. तेव्हा कायदा केला की भांडण मिटतं असं समजू नका. एवढंच की भांडण कशावर आहे ते कळतं.

पोहेवाला

अवांतर: र. धों. कर्व्यांवर त्यांच्या लैंगिक विषयांवरच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, तो भाग वेगळा. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही एवढंच. चालू द्या.

सातबारा

पोहेवाले, अवांतर नाही. खडूफळांच्या पहिल्या भीतीचा त्याच्याशी संबंध आहे. अश्लील साहित्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे, आणि त्यात शास्त्र, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी लोककल्याणार्थ असलेल्या मजकुराला अपवाद आहे. पण अपवाद कोर्टात सिद्ध करायचा असतो, आणि गावातला शिक्षक तोवर निलंबित झालेला असतो. म्हणून राज्याच्या कायद्यात सरळ लिहावं की मान्य पुस्तकातून, मान्य इयत्तेत शिकवलेल्या मजकुरासाठी शिक्षकावर फौजदारी किंवा खात्याची कारवाई होणार नाही.

दुसऱ्या भीतीला राज्याचा कायदा पुरणार नाही, कारण पॉक्सो संसदेचा आहे.

सुईण_ते_सोनोग्राफी

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात. खडूफळा गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नावर: डॉक्टरांची हीच कोंडी होती. अठराच्या आतली मुलगी गर्भपातासाठी आली की पोलिसांत कळवावं लागायचं, म्हणून मुली दवाखान्यात यायच्याच नाहीत, भलतीकडे जायच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. कळवणं सुटलं नाही, ओळख उघड करणं सुटलं. शिक्षकांना अशी सवलत नाही. तशी मागणी शिक्षक संघटनांनी करायला हवी. बदल्या आणि जुनी पेन्शन यांतून वेळ मिळाला तर.

आता माझा मुद्दा. सातबारांनी आठवीची मर्यादा घातली ती फार महत्त्वाची आहे आणि वर कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून लग्न लावतात. ती मुलगी दहावीच्या त्या धड्यापर्यंत पोचतच नाही. माझ्याकडे येते तेव्हा पोटात बाळ असतं आणि पाळी का चुकली हे तिला सासूने सांगितलेलं असतं. शिक्षण हक्क कायदाही चौदापर्यंतच. जे सांगायचं ते चौदाच्या आत सांगा, नाहीतर ज्यांना सांगायचं त्या वर्गात नसतील.

अण्णा, तुम्ही म्हणता नातीला तिची आई सांगेल. सांगेलच, तुमच्या घरात. माझ्या ओपीडीतल्या मुलींच्या आयांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

अण्णा_मिरजकर

डॉक्टरबाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. चौदाच्या आतलं मान्य.

पण माझ्या दोन अटी. साहित्य बालभारतीनेच छापावं, मराठीत, आणि शाळा सुरू होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, कायद्यानेच. आणि कुठल्याशा संस्थेचे दोन तरुण येऊन प्रोजेक्टर लावून, फोटो काढून, निघून गेले असं नको. सॅनिटरी पॅडच्या कंपनीचे लोक येतात ते तर अजिबात नको. माझ्या शाळेत एकदा आले होते, माहिती पाच मिनिटं आणि पॅडची जाहिरात अर्धा तास.

बे_एरियाकर

बाहेरच्या वक्त्याला इथेही तेच नियम लागू आहेत: मजकुराचे निकष तेच, आणि कोण येणार ते पालकांना आधी सांगायचं. लिहून घ्या सातबारा, हे कामाचं आहे.

सातबारा

घेतलं. दोन्ही अटी आत. समितीपुढे ठेवायचं ते माहितीसाठी, नाकारण्यासाठी नाही, एवढा फरक मी ठेवेन. नाहीतर गावोगाव २००७ होईल. इंग्लंडसारखे दोन भाग मला पटले. सुरक्षिततेच्या भागातून मूल काढता येणार नाही. एनसीआरबीची (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाची) आकडेवारी दरवर्षी तेच दाखवते, बहुतांश गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, आणि घरातलाच कोणी असेल तर नकाराच्या फॉर्मवर सही त्याचीच असू शकते. दुसऱ्या भागात पालकाला नकार देता यावा, पण तो मुख्याध्यापकांना समक्ष भेटून.

वर कोर्टाचा विषय निघालाच आहे तर: सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रफितींच्या निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि हा विषय पाश्चात्त्य आहे हा समज खोडून काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा म्हणालं की नववीपासून नको, लहान वयापासून द्या. न्यायाधीश सांगतायत, पण सांगण्याने वेळापत्रकात तास येत नाही.

राहिला प्रश्न अंमलबजावणीचा. दंड वगैरे मला नको आहे. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा दरवर्षी भरतात त्या सरकारी माहितीत, एक रकाना वाढवून...

खडूफळा

सर, हात जोडतो. रकाना नको! आम्ही शिकवतो कमी आणि भरतो जास्त. रकाना आला की ३१ तारखेला सगळ्या शाळांत 'होय' पडतं.

शिकवलं जावं असं वाटत असेल तर बोर्डाच्या पेपरात आणा. दहावीच्या त्या धड्यावर खात्रीने तीन मार्कांचा प्रश्न येतो असं कळलं की क्लासवाले पण शिकवतील आणि गावचे पालक विचारतील, "सर, तो धडा झाला का?" जे पालक आज नको म्हणतात तेच विचारतील. मार्कांपुढे कोणाची लाज टिकत नाही.

सुईण_ते_सोनोग्राफी

गुरुजी, दहावीसाठी चालेल. पाचवी आणि आठवीला परीक्षा लावू नका. मी शाळांत जाते तेव्हा एक डबा ठेवते, मुलं चिठ्ठ्या टाकतात, नावं नाहीत. मार्क आले की चिठ्ठ्या बंद होतात, पाठांतर सुरू होतं. चिठ्ठ्यांमधले प्रश्न तुम्ही वाचलेत तर कळेल की आपण इथे कलमांवर भांडतोय आणि त्यांची अडचण "एकीकडची छाती दुसरीपेक्षा मोठी आहे, कॅन्सर आहे का" एवढी आहे. मुलांच्या चिठ्ठ्या तर सगळ्या एकाच भीतीच्या, रात्री होतं त्याने अशक्तपणा येतो का. भिंतीवरच्या गुप्तरोग वैद्यांच्या जाहिराती त्या भीतीवरच चालतात.

टेम्सकाठी

डबा उत्तम. कलमात घाला.

अण्णा_मिरजकर

डब्याला माझा विरोध नाही. चिठ्ठी वाचणार कोण, ते लिहा. आणि मुलगे-मुली एकत्र की वेगळे, यावर कोणीच बोललं नाही.

खडूफळा

अण्णा, पाचवीला एकत्र, काही फरक पडत नाही, लेकरं हसतात आणि पाच मिनिटांत गप्प होतात. आठवीला आधी वेगळे, मग शेवटचा तास एकत्र. मुलींना कळलं पाहिजे की मुलांनाही तेच सांगितलंय. आणि मुलांना मैदानावर सोडायचं नाही, हे कलमात पहिलं लिहा. चिठ्ठ्या शाळेबाहेरच्या माणसाने वाचाव्यात, आमची अक्षरओळख फार पक्की असते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर वाचतील, त्या तशाही महिन्यातून एकदा येतात.

सुईण_ते_सोनोग्राफी

सिस्टरवर आधीच लसीकरण, बाळंतपणं आणि चार अ‍ॅप आहेत. पण हे त्या आनंदाने करतील. प्रवासखर्च कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचा तेवढं सातबारांनी बघावं, आरोग्य की शिक्षण. तिथेच फाइल अडकते.